कशावरून?

(सोलापूरला डिसेंबर 1995 मध्ये झालेल्या जमीनहक्क शिबिरात आम्ही कार्यकर्ते जे बोललो, ते पत्रकासाठी उतरवून काढलं आहे. ज्याला वाचता येतं त्याने वस्तीवर मोठ्याने वाचून दाखवावं.)



आम्ही सोलापूर जिल्ह्यातली पारध्यांची पोरं. चौघांनी बसून हे बोलणं जुळवलंय. बारावीच्या पुढं आमच्यातलं कोणी गेलेलं नाही. त्यामुळं शिबिरात 'शाळा आणि विज्ञान' या विषयावर तुम्ही बोला असं सांगितलं तेव्हा आम्हीच आधी हसलो. जमिनीचं बोलायचं सोडून हे काय मध्येच, असं पण वाटलं. मग बसून विचार केला तर दिसलं, की हे जमिनीचंच बोलणं आहे. कसं ते शेवटापर्यंत ऐकलं तर कळंल. मध्येच उठून जाऊ नका.

सप्टेंबरातली गोष्ट सगळ्यांना आठवत असणार. 21 तारखेला गुरुवारी सगळ्या देशात बातमी फिरली, गणपती दूध पितोय. सोलापुरात देवळापुढं रांगा लागल्या. दुधाचा भाव चढला. आमच्या वस्तीवरच्या बाया पण तांब्यात दूध घेऊन गेल्या. घरात लेकराला दूध नाही, पण त्या दिवशी उसनवारी करून आणलं. रांगेत कोण कोण होतं म्हणता? शिकलेले लोक होते. शाळेत आम्हाला विज्ञान शिकवलेले एक गुरुजी होते, डोक्यावर रुमाल टाकून उभे. आम्ही त्यांना नमस्कार केला, त्यांनी पण केला.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या पोरांनी एक काम केलं. आम्ही सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच केलं. बेंदराचा मातीचा बैल एका घरात राहिला होता, एक शिंग मोडलेलं. त्याच्या तोंडाला चमचा लावला. चमच्यातलं दूध कमी झालं. बैल पण प्यायला! मग विटेला लावला, वीट प्यायली. मग सहावीतली एक पोर म्हणाली, पितंय तर पोटात जायला पाहिजे, जातंय कुठं? तिनं दुधात कुंकू कालवलं आणि परत चमचा लावला. तेव्हा दिसलं. विटेच्या अंगावरनं लाल पातळ ओघळ खाली चालला होता. पांढरं दूध पांढऱ्या संगमरवरावर दिसत नाही, विटेवर लाल झालं की दिसतं.

त्याच सुमारास सरकारी शास्त्रज्ञांनी पण रंग घातलेलं दूध मूर्तीला लावून हेच दाखवलं. द्रवाच्या वरच्या थराला ताण असतो. चमचा मूर्तीला टेकला की मूर्तीचा पृष्ठभाग दूध ओढून घेतो आणि मग ते अंगावरनं पातळ होऊन खाली उतरतं. सातवी-आठवीच्या पुस्तकात असलं असतं, आम्ही पाठ पण केलं होतं. परीक्षेत दोन मार्कांना लिहिलं होतं. पण गणपतीच्या दिवशी ते आम्हाला आठवलं नाही. त्या पोरीला पुस्तकातलं काहीच माहीत नव्हतं, तिला आठवलं ते कुंकू.

कोणाच्या देवाला आम्ही नावं ठेवत नाही. आमच्या घरात पण देवी आहे, तिच्या नावानं आम्ही बोकड कापतो. आम्ही एवढंच म्हणतो, की बारा वर्षं शाळेत बसून आमच्या तोंडात जो सवाल आला नाही तो त्या पोरीच्या तोंडात आला. कशावरून? कशावरून म्हणता की पितोय? शाळेनं आम्हाला उत्तरं दिली, सवाल दिले नाहीत. हे दुःख आहे.

मग एक महिन्यानं ग्रहण आलं. 24 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत. उत्तरेत राजस्थानपासून बंगालपर्यंत एका पट्ट्यात खग्रास होतं, आपल्याकडं खंडग्रास. शाळांना दिवाळीची सुट्टी, त्यामुळं पोरांना सांगणारं कोणी नाही. वस्तीवर सकाळीच दारं बंद. पाणी सांडून टाकलं, चूल पेटवायची नाही, भाजी चिरायची नाही. आमच्यातल्या एकाची भावजय आठ महिन्यांची होती. तिला मागच्या खोलीत गोधडी अंगावर टाकून बसवलं, कूस बदलायची नाही म्हणून.

आम्ही अंगणात पिठाची चाळण धरली. सूर्याकडं पाठ करून उभं राहायचं आणि चाळणीतनं जमिनीवर पडलेला उजेड बघायचा. एरवी गोल गोल ठिपके पडतात. त्या दिवशी प्रत्येक ठिपक्याची चंद्रकोर झाली होती. शेकडो चंद्रकोरी मातीवर. आधी तीन पोरं आली, मग दहा झाली. लिंबाच्या झाडाखाली बघा म्हणून एकजण ओरडला. तिथं पण पानापानांच्या फटीतनं चंद्रकोरी पडल्या होत्या. एक म्हातारी घरातनं शिव्या देत होती आणि दाराच्या फटीतनं बघत पण होती.

इथं एक सांगून ठेवतो. ग्रहणात सूर्याकडं उघड्या डोळ्यानं बघू नका, हे म्हातारी माणसं सांगतात ते अगदी खरं आहे. डोळ्याचा आतला पडदा भाजतो, आणि भाजताना दुखत नाही म्हणून कळत नाही. पण भाजतो तो सूर्याच्या उजेडानं, राहू-केतूनं नव्हे. सल्ला बरोबर, कारण चूक. जुन्या बोलण्यात असं खूप ठिकाणी आहे, म्हणून सगळं फेकून द्या असं पण आम्ही म्हणत नाही. एकेक घेऊन तपासायचं.

भावजयीला आम्ही ओढून बाहेर आणलं नाही. ती आमची बहादुरी झाली असती आणि तिची भीती तशीच राहिली असती. तिला लेक झाली, चांगली आहे. त्याच दिवशी ऊसतोडीला निघालेली दुसरी एक बाई रस्त्यानं चालत होती, पोटुशी. तिला ग्रहण आहे हेच माहीत नव्हतं. तिचं पण बाळ चांगलं आहे. आता तुम्ही म्हणाल, बघा, सिद्ध झालं. नाही झालं. दोन बाळांवरनं काही सिद्ध होत नाही. घरात बसलेल्या शंभर बाया आणि बाहेर असलेल्या शंभर बाया मोजाव्या लागतील, तेव्हा बोलता येईल. आपल्या बाजूचा पुरावा पुरेसा नसला तर तसं म्हणायचं, हे पण शिकावं लागतं. आम्हाला ते जमिनीच्या कामात शिकावं लागलं. त्यावर येतोच.

ग्रहणाचं निघालंय तर आपल्या जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगतो. करमाळा तालुक्यात जेऊर आहे, रेल्वेचं स्टेशन. तिथं 22 जानेवारी 1898 ला खग्रास ग्रहण दिसलं, सुमारे दोन मिनिटं. ते बघायला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन आले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळी पण जेऊरलाच तळ ठोकून होती. प्लेगचे दिवस, आदल्या साली दुष्काळ पडून गेलेला, तरी ती माणसं समुद्र ओलांडून जेऊरला आली. भर दिवसा दोन मिनिटं अंधार पडतो, तेव्हा सूर्याच्या भोवतीचं तेज दिसतं, त्याचे फोटो घ्यायला.

म्हणजे 97 वर्षांपूर्वी जगातलं मोठं विज्ञान आपल्या माळावर येऊन गेलं. सामान उतरवायला, तंबू ठोकायला गावचेच हात लागले असणार. नंतर पेट्या बांधल्या, रेल्वेत चढवल्या, गेले. आणि 97 वर्षांनी त्याच जिल्ह्यात आमची भावजय गोधडीत. विज्ञान जेऊरच्या स्टेशनापर्यंत आलं, स्टेशनावरनं वस्तीवर यायचा रस्ता कोणी केला नाही. तो रस्ता म्हणजे सरकारी शाळा. दुसरा रस्ता आपल्याला नाही. पैशाची शाळा आपल्याला परवडत नाही, आणि परवडली तरी वस्तीवर येत नाही.

महात्मा फुल्यांनी हे 1882 सालीच हंटर कमिशनपुढं मांडलं होतं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातनं येतो आणि तो खर्च होतो वरच्या लोकांच्या शिक्षणावर, तर आधी गोरगरिबांच्या प्राथमिक शाळांवर खर्च करा. राज्यघटनेनं 1950 साली दहा वर्षांची मुदत घातली, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मुदत 1960 ला संपली. त्यावर 35 वर्षं उलटली. 1993 साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा हक्कच आहे. आणि घटनेच्या 51 क कलमात 1976 पासून असं पण लिहिलंय, की विज्ञानाची दृष्टी आणि शोध घेण्याची बुद्धी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. कर्तव्य आपलं, आणि ते शिकवणारी शाळा बंद! आमच्या ओळखीच्या एका वस्तीशाळेत गुरुजी आठवड्यातनं दोनदा येतात, सही करतात, आणि पोरांना पाढे म्हणायला लावून बाहेर बिडी ओढत बसतात. तुमच्या आश्रमशाळांचं तुम्हाला जास्त माहीत.

शाळेत गेलं, पुस्तकात लिहिलेलं वाचलं, की झालं, असं पण नाही. पुस्तकातलं सगळं खरं नसतं. हे आम्हा पारध्यांपेक्षा चांगलं कोणाला कळणार? 1871 साली इंग्रजांनी कायदा केला. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार आहेत असं त्यात धरलं. पुढं तो मुंबई इलाख्यात लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट झाली. आमच्या आज्या-पणज्यांची त्यात हजेरी व्हायची, दिवसा गिरणीत काम, रात्री परत तारेच्या आत. शाळा पण होती तिथं. मुलांना अक्षरं शिकवायचे. पण ज्या कायद्यानं त्यांना आत कोंडलं त्या कायद्याला 'कशावरून?' असं विचारायला ती शाळा शिकवत नव्हती. शिकवेल कशी?

त्या काळचे मोठमोठे शिकलेले साहेब म्हणायचे, गुन्हा रक्तात असतो, सुताराचं पोर सुतार तसं चोराचं पोर चोर. विज्ञानाचा कोट घालून बोलायचे. कोणी रक्त तपासलं होतं? कोणी मोजलं होतं, की उपाशी ठेवलेल्या दुसऱ्या जातीतली माणसं किती चोऱ्या करतात? 31 ऑगस्ट 1952 ला आम्ही कागदावर सुटलो. पण आजही कुठं चोरी झाली की आधी आमच्या पालावर गाडी येते. कशावरून, म्हणून विचारलं तर काठी बसते. हा सवाल विचारायला नुसती बुद्धी पुरत नाही, मागं संघटना लागते, हे आम्ही विसरलेलो नाही.

साहेबाला विचारायचं तर घरात पण विचारलं पाहिजे. हे बोलताना आमच्यातच भांडण झालं, की शिबिरात सांगायचं का नाही. सांगायचं ठरलं. आमच्या जमातीत बाईवर संशय आला की पंचांपुढं दिव्य करायला लावत आलेत. उकळत्या तेलातनं नाणं काढायचं. हात भाजला तर बाई खोटी. अहो, उकळत्या तेलात पंचानं हात घातला तरी भाजणार. भाजणं हा तेलाचा गुण आहे, त्यावरनं बाईच्या वागण्याचं काय कळणार? इंग्रजानं आमच्या रक्ताकडं बघून आम्हाला चोर ठरवलं, आम्ही तेलाकडं बघून आमच्या बाईला ठरवतो. आमच्यातल्या एकाच्या आत्याच्या उजव्या हाताची बोटं अजून सरळ होत नाहीत. ती शाळेत गेली नाही. पंच पण शाळेत गेले नव्हते, पण शाळेत गेलेले त्यांचे पुतणे बाजूला उभे राहून बघत होते.

आता जमिनीचं.

वनजमिनीवरच्या कसणाऱ्यांचं अतिक्रमण नियमित करायला महाराष्ट्रात तारीख ठरली 31 मार्च 1978. त्याच्या आधीपासून कसत असला पाहिजे. पुरावा काय, तर दंडाची पावती. ज्याला वनखात्यानं पकडलं आणि पावती दिली त्याच्याकडं पुरावा. ज्याच्याकडनं कोंबडी घेतली आणि पावती दिली नाही, त्याच्याकडं काही नाही. यंदाच्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्या अशा दाव्यांची नीट चौकशी करा म्हणून आदेश दिलाय. म्हणजे पुरावा मांडायची वेळ आता आलीय. (गायरानाची तारीख वेगळी आहे, 14 एप्रिल 1990. वनजमीन आणि गायरान यांची गल्लत करू नका. तलाठ्याकडं आधी गट नंबर काढा.)

आम्ही वस्त्यांवर जाऊन विचारायचो, आजी, कधीपासून कसताय? आजी म्हणायची, लई वर्सं झाली. लई म्हणजे किती? तुझ्या बापाचं लगीन झालं नव्हतं तवापासनं. हे कागदावर कसं लिहिणार? साहेब हसणार. आजी खोटं बोलत नव्हती. तिच्याकडं साल नव्हतं, एवढंच.

तेव्हा आम्हाला ग्रहणाचा उपयोग झाला. यंदाच्या नाही, 1980 च्या. 16 फेब्रुवारी 1980 ला दुपारी मोठं ग्रहण होतं. खाली कर्नाटकात खग्रास झालं, आपल्याकडं पण चांगलंच अंधारून आलं होतं. तो दिवस चाळिशीच्या पुढचा एक माणूस विसरलेला नाही, कारण सगळे घरात कोंडून बसले होते. भीतीनं का होईना, तारीख डोक्यात पक्की बसलीय. मग आम्ही आजीला साल विचारायचं सोडून दिलं. विचारलं, ते दुपारी अंधार पडलेलं ग्रहण आठवतंय? तर काय! त्या दिवशी हे शेत होतं? होतं, ज्वारी काढायला आलती. मग त्या ग्रहणाच्या आधी या शेतात किती पावसाळे काढले होते?

आता हिशोब बघा. ग्रहण फेब्रुवारी 1980 चं. त्याच्या आधीचा पावसाळा 1979 चा, एक. त्याच्या आधीचा 1978 चा, दोन. त्याच्या आधीचा 1977 चा, तीन. आजी तीन किंवा जास्त पावसाळे म्हणाली, तर जमीन 31 मार्च 1978 च्या आधी कसायला घेतली. दोनच म्हणाली, तर तारखेच्या नंतरची. एवढं सोपं. दुसऱ्या बाजूनं पण खूण लावायची. 72 चा दुष्काळ, जेव्हा खडी फोडायला जायचो आणि सुकडी मिळायची. त्याच्या नंतर किती वर्षांनी बांध घातला? दोन्हीकडनं मोजून साल एका जागी येतंय का बघायचं.

आणि एकट्या आजीवर थांबायचं नाही. तिघांना वेगवेगळं विचारायचं, एकमेकांचं ऐकू न देता. एकत्र बसवलं की सगळे पाटलाकडं किंवा थोरल्याकडं बघून तेच बोलतात. तिघांचं जुळलं तर लिहायचं 'जुळलं', नाही जुळलं तर तसं पण लिहायचं. शेतातलं झाड कोणी लावलं, तेव्हा घरात कोणाचा जन्म झाला, त्या पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरात कोणत्या तारखेला चढलं. बघा, शाळेचं जनरल रजिस्टर इथं कामाला आलं. त्यात गावाचं नाव, जन्मतारीख, दाखल तारीख असते. त्याचा उतारा मागता येतो.

हे काम कोणी केलं? वस्तीवरच्या शाळेतल्या पोरांनी. आमचं अक्षर वाईट. सहावीतली ती कुंकवाची पोर वही घेऊन बसायची. तिनंच एक चूक धरली. एका घराच्या पंचनाम्यात 0.20 असं लिहिलं होतं. साहेबानं सही घेताना सांगितलं होतं, तुमची सगळी जमीन लिहिलीय. ती म्हणाली, हे हेक्टर-आर आहे, वीस आर म्हणजे जवळजवळ वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर. ही जमीन अर्धा एकर आहे कशावरून? मग 33 फुटांची दोरी करून पोरांनी शेत मोजलं. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. दोरीनं एकावन्न गुंठे भरले. सव्वा एकरावर थोडं. दशांश अपूर्णांक तिला शाळेतच शिकवला होता, गणिताच्या तासाला. शिकवणाऱ्याला पण वाटलं नसेल, की त्याचा असा उपयोग होतो. आम्ही हरकत अर्ज दिलाय, अजून निकाल नाही.

आता जे सांगायला जड जातं ते. एका घराचं मोजताना दोनच पावसाळे निघाले. तिघांना विचारलं, तिघांचं दोनच. म्हणजे 1978 च्या उन्हाळ्यात जमीन फोडली. एक-दोन महिन्यांनी तारीख हुकली. घरचा कर्ता म्हणाला, तीन लिहा, कोणाला कळतंय? आमच्यातले दोघं म्हणाले, लिहू या, पोटाचा प्रश्न आहे, सरकार कुठं आपल्याशी खरं वागतंय. दोघं म्हणाले, नको. रात्रभर वाद. शेवटी दोनच लिहिलं. कारण एका दाव्यात खोटं सापडलं तर साहेब बाकीच्या सगळ्यांना विचारणार, कशावरून? आणि तेव्हा आमच्याकडं उत्तर नसणार. तो माणूस आता आमच्याशी बोलत नाही. त्याची बायको पाणी पण देत नाही. त्याच्या जमिनीचं काय करायचं ते आम्हाला अजून सुचलेलं नाही. तारीखच अन्यायाची आहे, ती पुढं सरकवा, म्हणून वेगळी लढाई करावी लागंल. शिबिरात यावर बोला. त्याला वाऱ्यावर सोडून आपल्याला पुढं जाता येणार नाही.

शाळेबद्दल आम्हाला काय पाहिजे, ते यातनंच निघतं. पोरं पाठ करतात, गुरुजी खडूनं फळ्यावर लिहितात, पोरं उतरवतात. विज्ञानाचं साहित्य कपाटात कुलूपबंद, फुटलं तर भरून द्यावं लागतं म्हणून. याच देशात वेगळं पण झालंय. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सोळा सरकारी शाळांत सुरुवात झाली, 1978 पासून जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत. सहावी ते आठवीची पोरं चार-चारच्या टोळीनं बसतात, प्रयोग स्वतः करतात, शेतातलं रोप, किडे, माती घेऊन शिकतात. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा. कारण पाठ किती आहे हे बघायचंच नसतं, विचार करता येतो का ते बघायचं असतं. ती काही श्रीमंतांची पोरं नाहीत आणि त्या काही इंग्रजी शाळा नाहीत. साध्या सरकारी शाळा. तिथं होतं, तर आपल्याकडं का नाही?

आणि आपल्या पोरांकडं काही नाही असं समजून गुरुजींनी सुरुवात करू नये. नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी आहे, त्याच्यासाठी अभयारण्य केलंय. आमचा दहा वर्षांचा पोरगा सांगतो, की मादी जमिनीवरच एक अंडं घालते, घरटं बांधत नाही. नर पावसाळ्यात गळा फुगवून घुमतो, तो आवाज लांबवर जातो. हे त्यानं आज्याबरोबर माळावर पडून राहून बघितलंय. शाळेत त्याच पोराला 'पक्ष्यांची उपयुक्तता' यावर पाच ओळी पाठ येत नाहीत म्हणून मागं बसवलं. घरात आमची बोली गुजराती वळणाची, शाळेत पुस्तकी मराठी. पहिले दोन वर्षं पोराला गुरुजी काय म्हणतात तेच कळत नाही आणि गुरुजी म्हणतात, यांना डोकंच नाही. कशावरून?

त्या अभयारण्याचं पण एक गणित पोरांना घाला. 1979 साली ते जाहीर झालं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून 8,496 चौरस किलोमीटर. अख्खा सोलापूर जिल्हा सुमारे 15,000 चौरस किलोमीटर. म्हणजे अर्ध्या जिल्ह्याहून मोठं अभयारण्य. त्यात शेतं आली, गावं आली, बाजार आले. माळढोक बाजारात राहतो का? तो राहतो कुठं, किती माळ त्याला लागतो, हे माळावर फिरणाऱ्यांना विचारून, मोजून रेघ ओढली असती तर पक्षी पण जगला असता आणि माणसाच्या पोटावर पण पाय आला नसता. पक्षी वाचला पाहिजे, हे आम्ही मनापासून म्हणतो. फासे टाकणारे आम्हीच होतो, आम्हाला माहीत आहे आता किती कमी दिसतो.

काही म्हातारी माणसं म्हणतात, शाळा शिकून पोरं आपली राहत नाहीत, पँट घालून तालुक्याला जातात आणि ओळख दाखवत नाहीत. खरं आहे. आमच्यातले पण गेलेत. पण ती शाळा साहेबाचा हुकूम ऐकायला शिकवणारी होती. पोरं नीट शिकली आणि साहेबासारखी झाली. ज्या पोरीनं शेत मोजलं ती वस्तीपासनं लांब गेली नाही, उलट तिला आता घराघरातनं बोलावणं येतं, माझा पण कागद बघ म्हणून. तिचा बाप म्हणतो, सातवीनंतर लगीन करायचं. आम्ही त्याला म्हणालो, दाव्यांचा निकाल लागेपर्यंत तरी थांब. तो म्हणाला, बघू. निकाल लवकर लागू नये असं आम्हाला पहिल्यांदा वाटलं.

आता कामाचं. घरी गेल्यावर प्रत्येक वस्तीनं तीन गोष्टी करायच्या. गुरुजी महिन्याभरात किती दिवस आले त्याची तारीखवार नोंद एका पोरानं वहीत ठेवायची, भांडण करायचं नाही, नुसती नोंद. शाळेतलं विज्ञानाचं कपाट उघडून आत काय आहे ते गुरुजींबरोबर बघायचं. आणि 33 फुटांची एक दोरी करून ठेवायची, सुती नको, पावसात आखडते, नायलॉनची. पुढच्या बैठकीला वही आणि दोरी दोन्ही घेऊन या. ज्यांच्या पंचनाम्याची नक्कल मिळाली असेल त्यांनी ती पण आणा, आकडे तिथंच बसून वाचू. ती पोर येणार आहे.